वाघीच्या तोंडाला दही
आमच्या वाघी कुत्रीला मागच्या सडाशी लिंबाएवढी गाठ झाली होती. श्रीरामपूरच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे, फुटायच्या आत काढू. शुक्रवारी आणा, उपाशीपोटी." शनिवारपासून ते दुष्काळी छावण्यांवर जाणार होते. परत कधी येतील, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मीच नेते म्हटलं. सायकल मला आता झक्क येते. आण्णा खडी फोडून इतके दमलेले, की नको म्हणायचंही बळ नव्हतं त्यांच्यात. शेजारची गोजरकाकू सोबत निघाली. कॅरिअरला पाटी बांधून वाघीला बसवलं, तर ती सारखी उडी मारायची. शेवटी बेलापूरपासून सायकल हातात धरून चाललो. ऊन मी म्हणत होतं.

डॉक्टर सकाळपासून बैलांची सडलेली शिंगं कापत होते. डोळे लाल. वाघीचं तोंड उघडून ते थांबले. "हिला काय दिलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "रात्रीपासून कोंडली होती."

"म्या दिलं," काकू म्हणाली. "दही-साखर. कामाला निघालेल्याला तसंच धाडायचं व्हय? ही परीक्षेला निघाली तवा बी दिलं हुतं. पास झाली की."

"परीक्षेत भूल देत नाहीत, बाई. किती दिलं?"

"वाटीभर. आन् त्यात भाकर कुस्करली. आजारी हाय ना ती."

डॉक्टर स्टुलावर बसले. "भुलीत ओकली तर गुदमरून मरेल." बराच वेळ ते गाठ दाबून बघत राहिले. "बैलाचं शिंग मी जागेपणी कापतो, तेवढीच जागा बधिर करून. कुत्रीचं कधी केलं नाही. हलली तर संपलं. धराल?"

"धरते," मी म्हणाले. त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

माझ्या रिबिनीनं तोंड बांधलं. काकूनं मागचे पाय धरले. सुई टोचली तेव्हा वाघी कण्हली, मग नुसती माझ्याकडं बघत राहिली. माझे हात आधी दुखले, मग ते माझे आहेत हेच कळेना. डॉक्टर घाम बाहीला पुसत कापत होते, शिवत होते. गाठ तसराळ्यात पडली.

"निघाली तेवढी निघाली," ते म्हणाले. "पुन्हा आली तर आणा."

"तुम्ही असाल?"

"छावण्या उठल्या तर."

परतताना माझ्या बोटांत हँडल राहीना. काकूनं जन्मात सायकलला हात लावला नव्हता. तिनं ती ओढून घेतली. "चल, तू तिला धर."

मी पाटीवर हात ठेवला. आतून वाघीचा श्वास लागत होता.