पप्पांचा सिग्नल

"फोन वर करा!" तरंगबाबा गरजले आणि बोर्डीच्या चिकू पॅकिंग कंपनीच्या हॉलमधले सगळे हात वर गेले. पत्र्याच्या छपराखाली मोबाइलला रेंज येत नाही. सगळे कंपनीच्या वायफायवर. "शरीर म्हणजे राउटर, आत्मा म्हणजे सिग्नल! राउटर जळतो, सिग्नल उरतो! विचारा तुमच्या यजमानांना, चंद्रिकाबेन. वायफाय गेलं, म्हणजे हो."

चंद्रिकाबेन माझी आई. हे वायफाय पप्पांनीच बसवलेलं. ते दिवाळीत गेले.

आईने हात जोडले. "अहो, प्रेशरच्या गोळ्या बंद करू का?"

बाबांनी बोट फिरवलं.

"गेलं, गेलं!" शेजारच्या दक्षाबेननी मला कोपर मारलं. "पप्पा हाजर छे, बेटा!"

मला आईच्या जिवाची भीती वाटायला हवी होती. आधी वाटला तो मत्सर. हे काम पप्पांनी मला शिकवलं, त्यांच्यामागे हे नेटवर्क मी सांभाळते, आणि बोलायला त्यांना हा माणूस मिळाला? घरी मी किती हाका मारल्या होत्या.

मी बाबांकडे टक लावून बघत राहिले, म्हणूनच ते लक्षात आलं. सगळ्यांचं नेट गेलं होतं, पण बाबांमागच्या लॅपटॉपवर ऑनलाइन भजन चालूच होतं. लॅपटॉपला केबल होती. समोर उमेश, पप्पांचा जुना मदतनीस.

वायफाय परत आल्यावर मी पुढे गेले आणि केबल उपटली.

"ताई, भजन बंद पडेल!" उमेश ओरडला.

"पडू दे. बाबा, पप्पांना विचारा, माझ्याशी बोलणार का?"

बोट फिरलं. पुन्हा फिरलं. वायफाय जागच्या जागी.

"आत्मा रुसला," बाबा म्हणाले.

मी केबल जोडली आणि लॅपटॉप लोकांकडे वळवला. पडद्यावर पप्पांनी आखलेला हॉलचा नकाशा होता, त्यात छतावरच्या वायफाय यंत्रांचे चार हिरवे ठिपके. उजवीकडचे दोन मी लॅपटॉपवरूनच बंद केले. ठिपके लाल झाले.

"गेलं!" उजवी बाजू ओरडली.

"आमचं आहे की!" डावी बाजू.

"म्हणजे पप्पा अर्ध्याच हॉलमध्ये आले?" मी विचारलं. कुणीतरी फिसकन हसलं. उमेशने मान खाली घातली.

आई म्हणाली, "मग ते माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत?"

"नाही, आई."

क्षणभर मला बरं वाटलं. मग तिचा चेहरा दिसला. मी पाणी आणलं. तिने पर्समधली गोळी घेतली.

गेलेलं माणूस बोलावं, असं आम्हा दोघींनाही वाटत होतं. त्याच इच्छेवर असे बाबा जगतात. तेव्हा चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी उठा आणि बाबांच्या मागे काय चाललंय ते बघून या.