नवरीच्या हातातला दोर

मी एक फोटो. रंगीत नव्हे, काळापांढरा. त्यातही आता काळा तपकिरी झालाय आणि पांढरा दुधाच्या सायीसारखा. माझ्या पोटात एक समुद्रकिनारा आहे, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, ओला दोर आहे, आणि तो दोर ओढणारी माणसं आहेत. या माणसांमध्ये एक नवरी आहे. मुंडावळ्या बांधलेली तुमच्याकडची नवरी नव्हे. दूर पूर्वेच्या समुद्रातल्या कोजे बेटावरच्या सोलमी गावाची, गालांवर लाल टिकल्या लावलेली, रेशमी घागरा गुडघ्यापर्यंत खोचून वाळूत टाचा रोवून उभी राहिलेली. तिचं नाव मालनाम. माझी गोष्ट म्हणजे खरं तर तिचीच गोष्ट.

माझा जन्म व्हायचाच नव्हता. शहरातून प्यो नावाचे फोटोवाले त्या दिवशी बोटीने आले होते ते लग्नाचा फोटो काढायला. अंगणात मांडव घातलेला, टेबलावर लग्नविधीसाठी कापडात गुंडाळलेले कोंबडा-कोंबडी, नवरी आत सजून बसलेली. दुशिक, म्हणजे नवरदेव, उंच काळी टोपी घालून घामाघूम झालेला. एवढ्यात टेकडीवरून राखणदाराची आरोळी आली, "म्येलची! म्येलची आली रे!"

म्येलची म्हणजे बोटभर लांबीची चंदेरी मासळी. ती वर्षाला दोन-चार वेळाच अशी थव्याने खाडीत शिरते, आणि कुणाच्या लग्नासाठी थांबत नाही. क्षणात अंगण रिकामं झालं. वऱ्हाडी पळाले, आचारी पळाले, मंत्र म्हणणारे म्हातारबुवासुद्धा कपडे सावरत पळाले. टेबलावर राहिले फक्त कोंबडा-कोंबडी.

दुशिक गावातला सगळ्यात चांगला वल्हेकरी. जाळं पसरायच्या होडीत तो नसेल तर अर्धा थवा हातचा जायचा. त्याने टोपी काढून कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि होडीत उडी मारली. किनाऱ्यावर दोर ओढायला माणसं कमी पडू लागली. तेव्हा मालनाम खोलीतून बाहेर आली. डोक्यावरचा मुकुट तिने आईच्या हातात दिला.

"अगं, नवरी आहेस तू!" आई ओरडली.

"नवरी उद्याही राहीन. मासळी राहायची नाही," असं म्हणून ती धावली आणि दोराला लागली.

तिच्या पुढे होता दुशिकचा जिवलग मित्र चिलबोक. मागे तिची होणारी सासू. प्यो फोटोवाले आधी तोंड उघडं टाकून बघत राहिले, मग त्यांनी कॅमेरा काढला. एक फोटो, दुसरा, तिसरा, असं करत करत त्यांची फिल्म संपली. म्येलचीने वाळू चांदीची झाली, मोठ्या कढया चढल्या, मासळी उकडून चटयांवर वाळत पडली, आणि मग कुठे ऊन कलताना लग्न लागलं. पण फोटो काढायला फिल्म कुठे होती?

"तुम्हाला लग्नाच्या फोटोला बोलावलं होतं की मासळीच्या?" सासूबाईंनी फोटोवाल्यांना असं झापलं की ते बिचारे जेवणही पुरतं न करता बोटीत जाऊन बसले.

पुढे लाल दिव्याच्या अंधारखोलीत, औषधाच्या पाण्यात, मी हळूहळू उमटलो. बाकीच्या फोटोंत कुणी हललेलं, कुणाचं डोकं कापलेलं. मी तेवढा नीट उतरलो. तरी माझ्यातही खोट आहेच. चिलबोक चौकटीच्या बाहेर गेलाय. माझ्या डाव्या कडेला त्याचा फक्त हात दिसतो, कोपरापर्यंत, दोराला घट्ट आवळलेला. आणि नवरदेव? दूर पाण्यावर तिळाएवढा एक काळा ठिपका आहे, ती होडी. त्या तिळात दुशिक.

प्यो फोटोवाल्यांनी मला पुठ्ठ्यावर चिकटवून आहेर म्हणून पाठवलं. घरात मला बघून दुशिक खो खो हसला. सासूबाईंनी मात्र मला हिसकावून घेतलं आणि रजयांच्या पेटीत तळाशी घातलं. लोकांना वाटलं, सून घागरा खोचून उभी आहे म्हणून. खरं कारण निराळं होतं. माझ्यात सासूबाईंचे केस सुटलेत, तोंड आ वासलंय आणि त्या पडक्या दातांसकट मोठ्याने हसताहेत. विधवा बाई, मुलाच्या लग्नादिवशी, फोटोवाल्यासमोर अशी हसली! त्यांना स्वतःचंच तोंड बघवेना.

पेटीतले दिवस वाईट नव्हते. रजयांची ऊब होती, डांबराच्या गोळ्यांचा वास होता. ऊन दाखवायला रजया काढायच्या निमित्ताने मालनाम मला बाहेर काढायची, घागऱ्याच्या काठाने पुसायची आणि सासूची चाहूल लागली की परत ठेवून द्यायची. "शहरात जाऊन नीट फोटो काढू हं," असं दुशिक दर हंगामाच्या अखेरीला म्हणायचा. मग जाळी फाटायची, पोरं आजारी पडायची, छप्पर गळायचं. नीट फोटो कधीच निघाला नाही.

मी भिंतीवर आलो तो एका मरणामुळे. सासूबाईंच्या एक शेजारीण होत्या, दोन्ही घरांमध्ये एकच कुंपण. लग्नाच्या दिवशी दोर ओढताना त्या सासूबाईंच्याच मागे उभ्या होत्या. एका हिवाळ्यात त्या अचानक गेल्या. इकडे दर वर्षी श्राद्धाला गेलेल्या माणसाचा फोटो ठेवून पुढे भात, मासळी, फळं मांडतात. पण त्या बाईंचा फोटो जन्मात कुणी काढला नव्हता. त्यांचा मुलगा येऊन आमच्या ओट्यावर बसला. काही मागितलं नाही, नुसता बसला.

"आईचा चेहरा आत्तापासूनच पुसट व्हायला लागलाय, मावशी," तो म्हणाला.

सासूबाई उठल्या. पेटीतल्या सगळ्या रजया त्यांनी जमिनीवर फेकल्या आणि मला त्याच्या हातात दिलं. "ही बघ तुझी आई. आणि मी दिसते त्याला हसायचं नाही."

तो आधी हसला आणि मग रडला. शहरात नेऊन त्याने माझ्यातून त्याच्या आईचा चेहरा मोठा करून घेतला. मी परत आल्यावर सासूबाईंनी मला पेटीत जाऊ दिलं नाही. स्वतः खिळा ठोकला. "राहू दे इथे. उद्या माझ्यावरही हीच वेळ येणार आहे," असं म्हणाल्या, आणि वेळ आली तेव्हा खरंच तसंच झालं. आज त्यांच्या श्राद्धाच्या ताटामागे त्या पडक्या दातांनी हसत असतात. घरातल्या कुणालाच दुसरी आजी नको आहे.

भिंतीवरून मी पुष्कळ पाहिलं. चिलबोक दर पावसाळी दुपारी यायचा. तांदळाच्या दारूचा वाडगा हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा आणि दंड थोपटायचा.

"बघ दुशिक्या, तुझ्या लग्नात तुझ्या बायकोशेजारी कोण? मी! आणि तू कोण? तीळ!"

"तीळ तर तीळ. जाळं कुणी पसरलं?"

"वहिनी, याला सांगा, तीळ जाळं पसरत नाही."

"वाडगा संपला असेल तर दोघं उठा," मालनाम म्हणायची, "जाळी शिवायचीत."

हा विनोद पोरांची लग्नं झाली तरी चालू होता. गावात कुणी पाहुणा आला की चिलबोक त्याला घेऊन यायचा, स्वतःचा हात माझ्या शेजारी धरून दाखवायचा. हाताला सुरकुत्या पडत गेल्या, पण मिरवणं कमी झालं नाही. बायको नाही, मूल नाही. सगळ्या गावात मिरवायला त्याच्याकडे तेवढा हातच होता.

दिवस पालटले. नायलॉनची जाळी आली, यंत्राच्या बोटी आल्या, रापण बंद पडली. पोरं बुसान शहरात गेली. शाळेत मुलंच उरली नाहीत म्हणून शाळेला कुलूप लागलं. आणि दुशिक विसरायला लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. तो चिडायचा नाही, हे त्यातल्या त्यात बरं. आपल्याला काही आठवत नाही हे लक्षात आलं की ओशाळून हसायचा. मालनाम त्याचा हात धरून त्याला बंधाऱ्यावर फिरवून आणायची आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाचं नाव त्याच्या कानात आधीच सांगून ठेवायची.

त्याच सुमारास गावात सोयुन नावाची एक तरुण मुलगी राहायला आली. बंद शाळेत जुन्या फोटोंचं दालन करायचं तिच्या मनात होतं. घरोघर हिंडली. कुणी कढईवरच्या बायकांचा फोटो दिला, कुणी होडी बांधणाऱ्या सुताराचा, कुणी जाळी शिवणाऱ्या म्हाताऱ्यांचा. मालनामने मला खिळ्यावरून काढलं, भिंतीवरच्या चौकोनी डागाकडे थोडा वेळ पाहिलं आणि मला तिच्या हातात दिलं. "जपून हं. लग्नाचा फोटो आहे."

"आजी, हा लग्नाचा?"

"आमच्याकडे असाच होता."

दालन उघडलं त्या दिवशी सकाळी सगळा गाव शाळेत लोटला. मी फळ्याच्या जागी, बरोबर मध्ये. सोयुन प्रत्येक फोटोखाली नावं लिहायला म्हाताऱ्यांना विचारत होती. माझ्यासमोर आली तेव्हा चिलबोक आधीच बाही वर सारून उभा होता, नवा सदरा घालून. हा त्याचा दिवस होता.

"ही मालनाम आजी, या सासूबाई, या शेजारच्या," सोयुन म्हणाली. "आणि हा हात कुणाचा?"

चिलबोकने घसा साफ केला. पण दुशिक पुढे आला. मालनामचा हात सोडून एकटाच पुढे आला, काचेजवळ वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"माझा," तो म्हणाला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"माझाच हात आहे. ही माझी बायको. लग्नाच्या दिवशी मी हिच्यापुढे दोर ओढत होतो. दोर किती ओला होता! मला आठवतंय." मग तो वळला. त्याच्या तोंडावर असा आनंद होता, जसा हरवलेली गाय स्वतःच्या पायांनी दारात आल्यावर होतो. "मला आठवतंय, मालनाम!"

मालनामने ओठ आवळले. तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. सगळे चिलबोककडे बघायला लागले. मी फोटो, मला जन्मभर काही बोलायची इच्छा झाली नाही, पण त्या क्षणी वाटलं, या काचेतून बाहेर यावं आणि चिलबोकच्या तोंडावर हात ठेवावा. किंवा दुशिकच्या कानांवर.

चिलबोकने सदऱ्याची वर सारलेली बाही हळूच खाली केली.

"हो रे बाबा, तुझाच," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा असणार? एवढा दणकट हात गावात होता कुणाचा?"

सोयुनने लिहून घेतलं. "आणि तो दूरचा ठिपका? होडी आहे ना ती? तिच्यात कोण?"

"त्यात मी," चिलबोक म्हणाला. "तीळ."

दुशिक हसायला लागला. पोटभर, पूर्वीसारखा. "तीळ! अरे चिलबोक्या, आख्ख्या लग्नात तू तीळ!"

"तीळ तर तीळ. जाळं कुणी पसरलं?" चिलबोकने विचारलं.

गावकरी हसले. काहींना डोळे पुसावे लागले, पण हसले. नंतर आमसभेला व्हावा तसा गलका झाला, नूडल्सचे वाडगे फिरले आणि दुशिकभोवती पोरंटोरं जमली. चिलबोक तेवढ्यात बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं. मालनाम त्याच्यासाठी वाडगा घेऊन गेली होती.

"जन्मभर मिरवलात तो हात," ती म्हणाली, "आणि देऊन टाकलात?"

"वहिनी, माझ्याकडे दुसरा आहे," चिलबोक म्हणाला आणि नूडल्स ओरपायला लागला.

तर आता माझ्याखालच्या पाटीवर दोन नावं चुकलेली आहेत. माणसं म्हणतात, फोटो कधी खोटं बोलत नाही. खरंय, मी मुळात बोलतच नाही. आज तेवढं तुमच्यापाशी मन मोकळं केलं. तुम्ही लांबची माणसं, सोलमीला येऊन पाटी दुरुस्त करणार नाही, हे मला माहीत आहे.

मला मागणं विशेष काही नाही. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं, त्याने मी फिकट होतोय. सोयुनने जाड पडदा आणलाय, तो लागेल. तुम्हाला मात्र एक सांगणं आहे. तुमच्या घरीही पेटीत, माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडून असेल. कुणी नांगर धरलेला, कुणी हातमागावर बसलेली, कुणी भट्टीपुढे घामाने निथळणारा. त्यांना बाहेर काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवा. ती खरं सांगतील, थोडं चुकीचं सांगतील. दोन्ही ऐकून घ्या.

आमच्याकडे आता रोज सकाळी दुशिक येतो. मालनाम बरोबर असते. पाहुणा असला तर पाहुण्याला, नसला तर खुर्च्यांना तो त्या दिवसाची गोष्ट सांगतो. वाळू कशी सरकत होती, दोराने तळहात कसे सोलले, मागून बायको कशी ओरडत होती, "ओढा हो, ओढा!" हल्ली त्यात एक व्हेलही यायला लागलाय. मालनाम अडवत नाही. उलट विचारते, "केवढा होता हो?"

पायऱ्यांवर काठी वाजतेय. आलेच ते. मी आता गप्प बसतो. आजचा व्हेल किती मोठा आहे ते ऐकायचंय.