माइकवर गेलेली गोष्ट

या, जरा सरकून जवळ बसा. एका रॅप गाणाऱ्या बाईची गोष्ट ऐकवायची आहे. तिच्या गाण्यात शिव्या असायच्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण मन लोण्यासारखं होतं, आणि देव बघतो ते मनच.

पुरुषावर जीव लावणारे पुरुष, बाईवर जीव लावणाऱ्या बाया, देह एक आणि मन दुसरं असलेली माणसं, या सगळ्यांच्या बाजूने ती पहिल्या गाण्यापासून उभी राहिली. कार्यक्रम रद्द झाले, अंगावर बाटल्या आल्या, ती हटली नाही. घरातून हाकललेल्या मुलामुलींसाठी पुढची रांग राखून ठेवायची. सगळे तिला ताईच म्हणायचे.

तिचे झगमगीत कोट एक टेलरमास्तर शिवायचे. एकदा माप घेताना तोंडातल्या टाचण्या काढून ते हळूच म्हणाले, "ताई, मीही तुमच्या पुढच्या रांगेतलाच. बाबांना अजून सांगितलं नाही. धीर गोळा करतोय."

कार्यक्रमाच्या शेवटी समोरच्या कुणावर तरी जागच्या जागी कडवं रचायची ताईची रीत होती. एका संध्याकाळी मास्तर पहिल्यांदाच वडिलांना घेऊन आले. दोघांना शेजारी बघून तिला भरून आलं. अंगातल्या कोटावर हात ठेवून तिने ठेका धरला:

"टाका ज्याचा सरळ, त्याचं मन आहे साफ,
मित्रावर जीव जडला, त्यात कसलं पाप?"

आणि बोट थेट मास्तरांकडे! लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मास्तर खुर्चीत आक्रसले. वडील उठले आणि चालते झाले.

सकाळी ती दुकानात गेली. मास्तर इस्त्री फिरवत होते.

"बाबा माझ्या बहिणीकडे गेलेत. फोन उचलत नाहीत."

"मला वाटलं, सांगितलंत म्हणूनच आणलंत त्यांना."

"विचारायचं तरी होतंत."

"चुकलं, मास्तर. पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर माफी मागते."

"परत माइक? ताई, तुमच्याकडे बिनमाइकचा आवाज नाहीच का?"

"अहो, तुम्हा लोकांसाठी इतकी वर्षं मी मार खाल्ला..."

"खाल्लात ना. म्हणून तर तुम्हालाच पहिलं सांगितलं."

तिची कानशिलं शरमेने तापली. तिने बहिणीचा पत्ता मागून घेतला आणि निघाली.

दार वडिलांनीच उघडलं. आत या म्हणाले नाहीत.

"मीही टाळी वाजवली होती, बाई. यमक छान जमलं म्हणून. मग लोक माझ्या पोराकडे वळून बघायला लागले, तेव्हा उमगलं. अख्ख्या सभागृहाला आधी कळलं, बापाला मागून."

"तुमचा मुलगा फार..."

"तो कसा आहे ते मला शिकवू नका. तापाने फणफणायचा तेव्हा मांडीवर घेऊन मी बसलोय."

ताईची मान खाली गेली. तिने विचारलं, "मास्तरांना काय सांगू?"

"काही नका सांगू. आता तरी नका." म्हातारा पायाने चपला चाचपू लागला. "मीच जातो त्याच्याकडे."

"गाडी आहे, सोडते."

"नको."

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ती तिथेच पायरीवर उभी राहिली. त्यांच्या मागे जायचं तोंड नव्हतं.

आता एवढं करा. देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या मास्तरांची आठवण असू द्या. नाव मात्र विचारू नका. त्याला ते ठाऊक आहे.