डोंगरावरचं विरजण

वेल्कोने रिकामी पुडी घडी घालून टेबलावर ठेवली आणि पेल्यातलं गढूळ पाणी एका दमात संपवलं. समोर झोर्नित्सा नर्स त्याची वही वाचत होती. कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणांचा शेक घेणाऱ्यांची आतडी हुळहुळी होतात, जुलाब लागतात. ते टळावेत म्हणून इस्पितळात ही पूड देऊन पाहत होते. सहा आठवडे, रोज दोन पुड्या, आणि दही बंद. नाहीतर गुण पुडीचा की दह्याचा, हे कळायचं कसं?

"दही खाल्लंत?"

"नाही."

"काल दुपारी काय जेवलात?"

"तारातोर."

"वेल्कोकाका, ते दह्याचंच असतं."

"ते सूप आहे," वेल्को म्हणाला. "काकडी, लसूण, अक्रोड. सूप."

झोर्नित्साने कपाळाला हात लावला. "सकाळपासून तुम्ही चौथे. एकजण म्हणे, दही कुठलं, नुसतं ताक प्यायलो. पुन्हा असं झालं तर तुमचं नाव काढावं लागेल हं."

नाव जाऊन चालणार नव्हतं. रात्री अंथरूण खराब झालं तर धुवायला घरात दुसरं माणूस नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्याला विरजणाची काळजी लागली. बायकोला, नेदाला, जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या मागे तिचं दही तेवढं त्याने चालू ठेवलं होतं. कालच्या दह्यातला चमचा आजच्या दुधात. मुळात ते विरजण त्याच्या आईचं, डोंगरावरच्या गावाहून आणलेलं. लग्नानंतर आईने ते सुनेच्या हाती दिलं आणि नेदाने शेहेचाळीस वर्षं सांभाळलं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वेल्को हे ऐकवायचा. आता दही लावून ओतून द्यायचं त्याच्या जिवावर आलं, आणि घरात असलं तर खाल्ल्यावाचून राहवलं नसतं.

दिवस मावळायच्या आत तो बरणी घेऊन शेजारच्या मिन्काकडे गेला. अंधार पडल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत.

"सहा आठवडे जिवंत ठेव," तो म्हणाला. "एवढंच."

"विरजण आहे की लेक आहे रे तुझी?" मिन्का म्हणाली. पण तिने बरणी दोन्ही हातांनी घेतली.

मग रोज पहाटेची बस, शेकासाठी पोटभर पाणी पिऊन बाकावर ताटकळणं, घरी येऊन मऊ भात आणि उकडलेलं गाजर. वहीतल्या त्रासाच्या रकान्यात तो 'नाही' लिहायचा. पुढे जागा उरायची. मग 'आज वारा होता', 'टोमॅटोची रोपं लावली' असंही तो लिहू लागला. दिवसभरात त्याचं कोणाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच.

शेवटच्या दिवशी झोर्नित्साने वही शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"एकदाही पोट बिघडलं नाही तुमचं. पुडीमुळे की प्रकृतीमुळे, ते पुढे कळेल. आता खा दही खुशाल."

बसमधून उतरून तो घरी न जाता थेट मिन्काकडे गेला. तिने दह्याची वाटी पुढे ठेवली. पहिला चमचा त्याने बराच वेळ तोंडात धरला.

"तेच," तो म्हणाला. "आईचं, नेदाचं. अगदी तेच."

मिन्का टेबल पुसत होती. पुसलेलीच जागा तिने पुन्हा पुसली.

"ते मेलं, वेल्को. दुसऱ्याच आठवड्यात. मी लेकीकडे अडकले, परत येऊन पाहते तर बुरशी. हे दुकानातल्या डब्याचं विरजण."

वेल्कोने चमचा वाटीत ठेवला.

"बोल मला काय बोलायचंय ते. पण एक ऐक. नेदाला मी शब्द दिला होता, ती आता नाही म्हणून सांगते. तुझ्या आईचं विरजण पहिल्याच हिवाळ्यात गेलं. दही लागलंच नाही थंडीत. नेदा रडत आमच्या स्वयंपाकघरात आली होती. माझ्या आईने आमच्यातलं दिलं. पुढेही कितीदा गेलं, कितीदा तिने इथून तिथून आणलं."

"मला कधी बोलली नाही."

"तुला कधी सांगणार? तू पाहुण्यांसमोर डोंगरावरच्या विरजणाचं कौतुक करत बसलेला असायचास."

तो ते सांगू लागला की नेदा उठून आत जायची, हे वेल्कोला आठवलं. आणखी दही आणायला जाते, असं तो समजायचा. विरजण गेल्याचं त्याला काहीच वाटलं नाही. लाज मात्र वाटली, फार वाटली.

"एकोणीस वर्षांची होती ती," तो म्हणाला.

"हो."

मिन्का वाटी उचलायला आली. त्याने वाटी धरून ठेवली.

"आणखी काय सांगायची ती तुला?"

मिन्काने जाऊन बाहेरचं दार लोटून घेतलं, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.