कोमलची तोंडी परीक्षा

"सर, कोमल हात वर करून राहिली," मागच्या बाकावरून कुणीतरी सांगितलं आणि वर्ग हसला.

विश्वंभर पाठक फळ्यावर लिहिता लिहिता बोलत होते. ते वळले. पहिल्या बाकावरच्या कोमलने आपल्या ओठांवर बोट ठेवलं, मग ते बोट फळ्याकडे नेलं आणि मान हलवली. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, ओठ दिसत नाहीत. या आठवड्यातली ही चौथी वेळ होती.

"सॉरी," सर म्हणाले आणि पुढच्या वाक्याला पुन्हा फळ्याकडे वळले. तीस वर्षांची सवय होती.

हिंगोलीच्या त्या कॉलेजात सरांचा आवाज नावाजलेला होता. ते इंग्रजी कविता वाचू लागले की शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर क्षणभर शिकवायचे थांबत. जुने विद्यार्थी कळमनुरीच्या बाजारात भेटले तरी म्हणत, 'सर, तुमचा आवाज अजून कानात आहे.' आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना बी.ए.च्या पहिल्या वर्षाला दोन मुलं अशी आली की तो आवाज त्यांच्या कानात जाणारच नव्हता. साखऱ्याचा धम्मदीप आणि कनेरगाव नाक्याची कोमल. दोघंही दहावीपर्यंत मूकबधिर विद्यालयात शिकलेली. कॉलेजात खुणांची भाषा येणारं कुणीच नव्हतं. "पहिल्या बाकावर बसवा त्यांना," प्राचार्य म्हणाले होते, "दुसरं काय करणार?"

पहिल्या सत्राचे गुण जानेवारीत लागले. त्यात इंग्रजीची वीस गुणांची तोंडी परीक्षा होती. सरांनी या दोघांना परीक्षेला बोलावलंच नव्हतं. बोलावून विचारणार काय? दोघांच्या नावापुढे तेरा-तेरा टाकले आणि आपण एक चांगलं काम केलं, असं समजून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कोमल स्टाफरूममध्ये आली आणि तिने वही पुढे केली. इंग्रजीत लिहिलं होतं : 'सर, ओरल एक्झाम यू टेक नॉट. माय मार्क थर्टीन हाऊ?'

"अगं, दिलेत ना मी. पास आहेस तू," सर म्हणाले.

तिने वहीवर बोट आपटलं. लिहा.

सरांनी लिहिलं, 'डोन्ट वरी. यू आर पास.'

तिने वाचलं आणि खाली लिहिलं, 'धम्मदीप थर्टीन. आय थर्टीन. ही स्टडी लिटल. आय स्टडी मोअर. सेम व्हाय?'

नापास मुलं गुणांसाठी भांडतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पास केलं म्हणून जाब विचारणारी ही पहिलीच. त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली आणि दाराकडे हात केला.

तिसऱ्या दिवशी तिची आई आली. रूपाबाई नाक्यावरच्या ढाब्यावर भाकरी थापायच्या. कोमलला सोबत घेऊन त्या स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, पोरीला नापास केलं का?"

"नाही हो. पास केलंय. तेरा गुण दिलेत."

"मंग दोन दिस झाले, ती धड जेवून न्हाई राहिली. काहून?"

"तिलाच विचारा ना."

"कसं इचारू? जेव, झोप, चल, एवढ्याच खुणा येतात मला. तिच्या शाळंतल्या खुणा मला समजत न्हाईत. ती लिवते, तर मला वाचता येत न्हाई. तुमीच इचारा, सर. तुमाला बराबर जमंल."

सरांनी कागदावर मराठीत प्रश्न लिहिला. कोमलने उत्तर लिहून कागद परत सरकवला. सर मोठ्याने वाचू लागले आणि मध्येच अडखळले. 'धम्मदीप मला गुण सारखे. अभ्यास मी जास्त. परीक्षा सर घेतली नाही. मी दगड?'

हिचं मराठी तरी नीट असेल, इंग्रजीच तेवढं कच्चं आहे, असं ते धरून चालले होते. आता त्यांच्या लक्षात आलं की मराठीही तिला परकीच आहे. तिने ती कधी ऐकलेलीच नाही.

"दगड काहून म्हणून राहिली?" रूपाबाईंनी विचारलं.

"मी तिची परीक्षा घेतली नाही, म्हणून."

रूपाबाई लेकीकडे बघत राहिल्या. मग खाली बसत म्हणाल्या, "सर, आणखी एक इचाराल का? तिला वांग्याची भाजी आवडत न्हाई का? रोज ताटात ठेवून देते."

सरांनी लिहिलं. उत्तर आलं. "आवडते म्हणते. तिखट जास्त होतं म्हणे."

"तिखट," रूपाबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्सं झाली." आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं.

फेब्रुवारीपासून शेवटचा तास संपला की सात नंबरच्या खोलीत सर दोघांना शिकवू लागले. धम्मदीप आठ दिवस आला आणि मग यायचा बंद झाला. तो काय म्हणतो ते कोमलने लिहून दाखवलं : 'ही से, थर्टीन इनफ.'

एका परीने त्याचंच बरोबर आहे, असं सरांना पुढच्या काही आठवड्यांत पुष्कळदा वाटलं. कोमलला 'लुक' कळत होतं. तिने डोळ्याचं चित्र काढून दाखवलं. पण 'लुक फॉर' म्हणजे शोधणं आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. तिन्हींपुढे ती डोळाच काढायची. 'द' कुठे लावायचा हे समजावताना तर सरांच्याच ध्यानात आलं की तीस वर्षं आपण ते कानावर सोडून दिलं होतं. वाचून दाखवायचं, आणि मुलांच्या कानाला जे बरं वाटेल ते बरोबर. इथे कानच नव्हता, आणि त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. समजलं का, असं विचारलं की कोमल प्रत्येक वेळी हो म्हणून मान हलवायची आणि वहीत तीच चूक करायची. त्या मान हलवण्याची त्यांना चीड येऊ लागली.

एकदा त्यांनी खडू भिंतीवर फेकला. कोमलने तो उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'यू अँग्री व्हाय? साइन यू लर्न हाऊ मेनी?'

महिनाभर तीही त्यांना खुणा शिकवत होती. त्यांनी आठवून पाहिलं आणि चार बोटं वर केली.

तिने फळ्यावर चार लिहिलं. त्याखाली स्वतःकडे बोट दाखवून लिहिलं, 'वर्ड, टू हंड्रेड टेन.' आणि जागेवर जाऊन बसली.

बहिऱ्या मुलांची तोंडी परीक्षा लेखी घ्यावी म्हणून त्यांनी विद्यापीठाला दोन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. फोन केला तर या विभागातून त्या विभागात जोडून देत राहिले आणि शेवटी लाइन कट झाली.

एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक आले ते दीड तास उशिरा. नांदेडहून आलेले, घामेजलेले गृहस्थ. साडेचारच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. मुलांना ते दोन-दोन मिनिटांत मोकळं करत होते. नाव काय, गाव कोणतं, छंद काय. धम्मदीपला त्यांनी खुर्चीत बसूही दिलं नाही. पाठीवर थाप मारून पाठवलं. कोमल समोर बसली तेव्हा त्यांनी मोठ्याने विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" मग आणखी मोठ्याने.

"तिला ऐकू येत नाही," सर म्हणाले. "प्रश्न लिहून द्या. ती लिहून उत्तर देईल. तीन महिने तयारी केलीय तिने."

"हो, हो. लिहू द्या की." परीक्षकांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'युवर होम.' आणि चिठ्ठी तिच्याकडे सरकवली.

कोमलने आधी पेनाचं टोपण काढून बाजूला नीट ठेवलं. मग लिहायला लागली. परीक्षकांनी मागच्या सत्राचे गुण छापलेला तक्ता ओढला आणि भराभर आकडे भरले. कोमलच्या नावापुढे त्यांनी चौदा टाकले.

"साहेब, ती लिहितेय अजून," सर म्हणाले.

"चांगले दिलेत की, पाठक सर. मागच्यापेक्षा एक जास्त. बिचारीचं नुकसान नको."

"नुकसानीचं नाही. तिचं वाचा तरी."

"माझी गाडी आहे हो. पुढची साडेसहाला." त्यांनी तक्ता लिफाफ्यात घातला, डिंक लावला आणि सही केली. "तुम्हीही करा."

विश्वंभर सर पेन हातात धरून थांबले. लिफाफा अडवला असता तर काय झालं असतं? साठ मुलांचे गुण अडले असते, प्राचार्यांनी बोलावलं असतं, विद्यापीठाने खुलासा मागितला असता. त्यांनी सही केली. शिपाई शंकरसिंग पाहुण्यांची बॅग घेऊन खाली गेला.

कोमलने डोकं वर केलं तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. तिने कागदाच्या कडेला लिहिलं, 'सर गो व्हेअर?'

सरांनी लिहिलं, 'बस स्टँड.'

'माय पेपर ही रीड?'

हो लिहिलं असतं तर ती घरी गेली असती. त्यांनी लिहिलं, 'नो. ही गेव्ह फोर्टीन.'

ती आकड्याकडे बघत बसली. मग अर्धवट राहिलेली ओळ तिने पूर्ण केली, खाली आणखी चार ओळी लिहिल्या आणि कागद सरांपुढे ठेवला.

सर वाचू लागले. आई ढाब्यावर भाकरी करते. बाप गॅरेजात जातो. भाऊ, मामा, सगळे संध्याकाळी अंगणात बसतात. मग पुढे : 'ऑल टॉक. मदर लाफ. आय आस्क लाफ व्हाय. मदर हँड शो, लेटर टेल. लेटर कम नॉट.'

सगळे बोलतात. आई हसते. मी विचारते, काय झालं? आई हाताने सांगते, नंतर सांगते. ते नंतर कधी येत नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग खिशातलं लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून तपासायला घेतलं. जिथे 'द' हवा तिथे 'द' घातला, 'मेक'चं 'मेक्स' केलं, क्रियापद उचलून जागेवर नेलं. कोमल उलट्या बाजूने प्रत्येक खूण बघत होती. पान लाल झालं. तळाशी त्यांनी चुकीमागे अर्धा गुण कापून लिहिलं, वीसपैकी अकरा.

तिने कागद फिरवून घेतला आणि पुन्हा वरपासून वाचला. एका जागी थांबून तिने बोट ठेवलं. 'लेटर कम नॉट.' तिथे लाल खूण नव्हती. सरांनी ती ओळ तशीच सोडली होती. तिच्यावर पेन चालवायला त्यांना जमलं नव्हतं.

कोमलने त्यांच्या हातातलं लाल पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि वर सावकाश लिहिलं, 'लेटर डझ नॉट कम.' मग पेन परत दिलं आणि तळाच्या आकड्याकडे हात केला.

"सर, खोलीला कुलूप लावू का?" शंकरसिंगने दारातून विचारलं.

"थांबा जरा," सर म्हणाले. त्यांनी अकरा खोडले आणि साडेदहा केले.

कोमलने ते पाहिलं, हो म्हणून मान हलवली आणि कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.