मास्तरांचा होकार

शुक्रवारी उठल्या उठल्या तिनं आधी मेल उघडली आणि मग डोळे चोळले. मास्तरांचं उत्तर नव्हतं. आज एकविसावा दिवस, आणि संध्याकाळी सहाला नव्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं. त्यानंतर जे येईल ते अडीच महिने ताटकळत बसणार.

प्रकरण असं होतं. कर्नेल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, आणि त्यातला एक भाग एकाच यंत्राला चार यंत्रांचं सोंग आणायला लावतो. त्याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. या भागाचा कोड वीस वर्षांत वाढेल तसा वाढू दिलेला. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरच्या फोल्डरात थोडा थोडा, आणि एकच काम तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी केलेलं. एकीकडची चूक दुरुस्त करावी, तर तीच चूक दुसरीकडे सुखानं नांदत असायची. चार महिने ती हा पसारा आवरत होती. सगळ्यांचं सामायिक ते एका नव्या फोल्डरात आणि ज्याचं त्याचं वेगळं ते त्याच फोल्डराच्या पोटात, आपापल्या कप्प्यात. कर्नेलच्या मुख्यांनी तो बदल चाचणीच्या शाखेत, म्हणजे कोडच्या कच्च्या प्रतीत, लगेच घेतला, पण अट घातली, "मास्तर हो म्हणाले तरच पुढे."

मास्तरांनी जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या कोडमधली रिकामी जागासुद्धा ते जागेवर बसवायचे, म्हणून हे नाव. हा भाग मुळात त्यांनीच लिहिलेला. तिचा पहिला बदल त्यांनी अकरा वेळा परत पाठवला होता, आणि बाराव्यांदा लिहिलं होतं, "आता मला सुधारायला काही उरलं नाही, याचं वाईट वाटतं." असा माणूस एकवीस दिवस गप्प! दोनदा तिनं त्याच पत्रव्यवहारात आठवणही करून दिली होती. तरी अवाक्षर नाही.

"दुखावलेत गं ते," ती थोरल्या बहिणीला म्हणाली. "वीस वर्षांचा त्यांचा संसार मी उचलून दुसरीकडे मांडला."

"किंवा आजारी असतील," ताई डबा भरता भरता म्हणाली.

हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती. पण फोन करायचा धीर होत नव्हता. कारण समजा ते रागावले असतील, तर फोन म्हणजे गळ्याला सुरी लावून होकार मागणं.

ताई इस्पितळाच्या औषधभांडाराची प्रमुख. कोणाच्या रागालोभात तिला फारसा रस नव्हता. तिनं डब्याचं झाकण दाबलं आणि विचारलं, "तू त्यांना सांगितलंस कसं? माझ्याकडे सलाइनचं कपाट हललं, तर मी वॉर्डातल्या सिस्टरला स्वतः जाऊन सांगते."

"आमच्यात नावं हातानं घालत नाहीत, ताई. यादी असते. अमुक फोल्डर, त्याचा तमुक रखवालदार. कुठल्या फोल्डरात काम केलं ते सांगितलं की एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, यादी बघून नावं काढून देते."

"आणि त्या यादीत कपाटाची जागा जुनी आहे का नवी?"

तिनं लॅपटॉप पुढे ओढला.

तिनं तीन आठवड्यांपूर्वीची मेल उघडली. अकरा नावं होती. मास्तरांचं नव्हतं. स्क्रिप्ट तिनं नव्या फोल्डरावर चालवली होती. नवा फोल्डर यादीत नव्हताच, त्यामुळे सगळ्याच कामावर वरवर नजर ठेवणाऱ्या मंडळींची नावं तेवढी आली होती. सगळं घर हलवलं आणि यादीतली एक ओळ हलवायची राहिली. पुढे इतरांनी नव्या फोल्डरात सतरा दुरुस्त्या केल्या, त्याही स्क्रिप्टनं मास्तरांना वगळूनच पाठवलेल्या. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिनं फोन लावला. तिसऱ्या घंटेला आवाज आला, तिला वाटलं होतं त्याहून बारीक.

"मास्तर, मी बोलतेय," तिनं ओळख सांगितली. "तुम्हाला तीन आठवड्यांत या कामाची एकही मेल आली नाही ना?"



"नाही आली," मास्तर म्हणाले. "मी रोज आठला बसतो. आधी वाटलं, सगळे सुट्टीवर असतील. मग म्हटलं, वय झालं आपलं, तोंडावर कोणी बोलत नाही एवढंच."

"अहो, मग विचारलं का नाहीत कोणाला?"

"काय विचारू? मला काढलंत का, असं?"

तिनं एका दमात सगळं सांगितलं. फोल्डर, यादी, स्क्रिप्ट, सतरा दुरुस्त्या. "चूक माझी आहे," असं तीनदा म्हणाली.

"फोल्डर हलवलात, हरकत नाही," मास्तर म्हणाले. "पण वाचल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. दोन आठवडे तरी लागतील."

"लागू देत. पुढच्या आवृत्तीत जाईल." चार महिन्यांच्या कामाबद्दल आपण इतक्या सहज बोललो याचं तिला नवल वाटलं.

"बरं. आणि यादीत..." ते अडखळले. "यादीत माझं नाव आहे ना अजून?"

होतं. आता अस्तित्वात नसलेल्या फोल्डरापुढे होतं. तिनं फोन खांद्याशी धरला आणि यादीची फाइल उघडली.

"नव्या फोल्डरापुढे आत्ता घालते, मास्तर. फोन ठेवू नका."

"नाही ठेवत," मास्तर म्हणाले.