हेझलचा पाईक

ऑगस्ट सरत आला की ऑटर तळ्यावरचे डास ओसरतात, पहाटे पाण्यावरून वाफा निघू लागतात, आणि बर्नीसच्या लॉजवर दरसालची मंडळी येऊन टेकतात. तिथवर रस्ता नाही. पाण्यावर उतरणारं लहानसं विमान सगळ्यांना धक्क्याशी आणून सोडतं. या मंडळींत सगळ्यांत जुनी जोडी आर्वो आणि हेझल निस्कानेन यांची. आर्वो कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, मासेमारीत मुरलेला गडी. पाईक नावाचा मोठा शिकारी मासा पाण्यातल्या कुठल्या गवतात दबा धरून बसतो, वारा फिरला की पिकरेल मासे कुठे सरकतात, हे त्याला विचारूनच नवखी माणसं होड्या सोडायची. हा मान त्याला आवडायचा, आणि आवडतो हे तो लपवायचाही नाही.

या साली मात्र त्याच्यापाशी लपवण्यासारखं काही होतं. वसंतापासून त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, आणि ते कोणापुढे काढायचं नाही असं त्याने हेझलला बजावलं. ती कबूल झाली. रोज सकाळी केबिनचा पडदा ओढून ती त्याचे गळ बांधून द्यायची. जेवताना तो उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा, डाव्या हाताने खायचा आणि खांदा धरलाय म्हणून सांगायचा.

एका दुपारी दोघं तळ्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात होती. हेझल गवताच्या कडेने, माशाला भुलवायचा गळ लावलेला पितळी चमचा फेकत होती, तेवढ्यात तिचा रॉड कमानीसारखा वाकला. ती गडबडली नाही. माशाने ओढ घेतली की दोर सोडायचा, थकला की गुंडाळायचा, असं तिने त्याला बराच वेळ खेळवलं. शेवटी तो होडीजवळ वर आला. एवढा पाईक हेझलला जन्मात लागला नव्हता. ती स्वतःशीच हसत होती, लहान मुलीसारखी.

आर्वोला राहवेना. "दे इकडे. तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

"होतंय माझ्याच्यानं," ती नजर न काढता म्हणाली. "तू जाळी धर."

त्याने जाळी धरली नाही. पुढे वाकून त्याने तिच्या हातातला रॉड हिसकावून घेतला. आणि रॉड हातात येतो न येतो तोच उजवा हात सुटला. बोटं रिळाच्या मुठीवर ठरेनात. दोर सैल पडला, पाईकने एकदा मुंडी झटकली, आणि चमचा टणकन होडीच्या पत्र्यावर येऊन आदळला. पाणी पुन्हा सपाट झालं.

बऱ्याच वेळाने आर्वो म्हणाला, "तू आधीच ढील देऊन बसली होतीस."

हेझलने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने रॉड परत घेतला आणि दोर गुंडाळला.

रात्रीच्या जेवणाला सगळे लांब टेबलाभोवती जमले. गिरणीतला त्याचा जुना सोबती क्लिफर्ड समोरच बसला होता. दुपारी लांबून तुमचा रॉड वाकलेला दिसला, काय लागलं होतं, असं त्याने सहज विचारलं. दोर तुटला, गळ सरळ झाला, काहीही सांगता आलं असतं. पण सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत असं पाहून आर्वोच्या तोंडून निघालं, "पाईक होता, हा एवढा. हेझलच्या हातून गेला. ताण सोडू नकोस म्हणून मी घसा कोरडा केला, पण ऐकेल तर ना."

टेबल हसलं. दिवसातला सगळ्यांत मोठा मासा जो घालवेल त्याने जेवण होईतो गळ्यात जुना गमबूट अडकवायचा, असा बर्नीसच्या लॉजवरचा रिवाज. बर्नीसने खिळ्यावरचा बूट काढून आणला. हेझलने मान वाकवली.

"आता तरी नवऱ्याचं ऐकत जा," ओहायोहून आलेला एक दातांचा डॉक्टर म्हणाला.

"हो ना," हेझल म्हणाली, "घाबरलेच मी."

सूप पिताना बूट सारखा ताटलीत येत होता. एका हाताने तो बाजूला धरून ती दुसऱ्या हाताने जेवत राहिली.  धरणीने पोटात घ्यावं असं आर्वोला वाटलं, पण उठून दोन शब्द बोलायचं धैर्य होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेझलने नेहमीसारखा पडदा ओढला आणि त्याचे गळ बांधायला बसली. ती चिडली असती, टाकून बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. दिवसभर होडीत शब्द त्याच्या ओठांशी येऊन परत जात होते. दुपारी काठावर चूल पेटवून तिने मासे आणि बटाटे तळले. समोरासमोर बसून खाताना तो धीर करून बोलायला गेला, आणि तोंडून निघालं, "मीठ कमी पडलंय." तिने मिठाची डबी पुढे सरकवली.

त्या रात्री सगळे जेवायला बसल्यावर आर्वो उठला, खिळ्यावरचा बूट काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला. लोकांनी टाळ्या पिटल्या. बायकोसाठी बूट घालणारा नवरा पहिल्यांदा पाहिला, असं कोणीतरी म्हणालं. दातांच्या डॉक्टरची बायको नवऱ्याला म्हणाली, "बघा, शिका काही." आर्वोने मान हलवली.

"तसं नाहीये," तो म्हणाला. "रॉड तिच्या हातात होता तोवर मासाही होता. मी हिसकावून घेतला आणि घालवला. काल मी खोटं बोललो." आणि त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. हाताखालचा चमचा ताटलीवर किणकिणू लागला. मग त्याने दुखण्याचं नावही सांगून टाकलं.

 मग क्लिफर्ड उठून आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. बर्नीसने डोळे पुसत त्याच्यापुढे ब्लूबेरी पाईचा मोठा तुकडा ठेवला. कोणी औषधं विचारली, कोणी आपल्या काकाची हकिगत सांगितली. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. आर्वोने मान वर केली तेव्हा हेझलची खुर्ची रिकामी होती.

ती धक्क्यावर बसली होती. आकाशात अजून उजेड होता. तो सावकाश तिच्या शेजारी टेकला.

"सांगितलं मी सगळ्यांना," तो म्हणाला.

"ऐकलं."

"तरी रागावलीयस?"

 "बुटाचं मला काही नाही. खोटं बोललास त्याचंही एक वेळ नाही. तुला लाज वाटत होती, ते कळत होतं मला. पण तो मासा माझा होता, आर्वो. जन्मभर तुझ्यासाठी जाळी मी धरली. एकदाच तुला धरायला सांगितली."

"हात थरथरला गं माझा..."

"हात नंतर थरथरला," ती म्हणाली. "हिसकावलास तेव्हा चांगला घट्ट होता."

 टेबलावर आपण मन मोकळं केलं असं तो समजत होता. आता त्याला कळलं, की हिसकावल्याचं त्याने घाईने एका वाक्यात उरकलं होतं आणि मग हात पुढे केला होता. लोकांनी हात पाहिला. आणि त्यांच्या कणवेची ती पाई त्याने खाल्ली होती.

सकाळी हेझल एकटीच होडी घेऊन निघाली. आर्वो धक्क्यापर्यंत गेला आणि डाव्या हाताने दोरखंड सोडून दिला. वारा पश्चिमेचा होता, अशा वाऱ्यात कुठे जावं हे त्याच्या जिभेवर आलं. ते त्याने गिळलं. तिने दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि मागे न बघता गेली. क्लिफर्डने आपल्या होडीत बोलावलं, तर तो आज नको म्हणाला.

दुपारी ती आली तेव्हा तिचं नाक उन्हाने लाल झालं होतं, आणि होडीत जेवणापुरते पिकरेल होते.

"कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

"तिकडे," ती म्हणाली, आणि हनुवटीने सगळं तळं दाखवलं.

त्याने पुढे विचारलं नाही. ती फळीवर मासे साफ करायला बसली, तेव्हा तो बादलीने पाणी आणून ओतत राहिला. अर्धं पाणी वाटेतच सांडत होतं. हेझलने ते पाहिलं आणि पुन्हा माशांकडे वळली.